गाडी किती देते?

आज जरा माझ्या अधिकाराबाहेरच्या विषयावर लिहिणार आहे. मी मराठीचा मास्तर. बी.ए. मराठी माध्यमातून केले, पुढे उभी हयात व्याकरण आणि निबंध शिकवण्यात गेली. मोटारीच्या इंजिनाबद्दल मी बोलावे हे म्हणजे पी.टी.च्या सरांनी समासविग्रह शिकवण्यासारखे आहे. पण गेले दीड वर्ष आमच्या घरात हा एकच विषय आहे, त्यात माझ्या ग्रॅच्युइटीचे पैसे अडकले आहेत आणि थोडी माझी अब्रूसुद्धा. तेव्हा लिहितोच.

झाले असे. मुलगा वाड्याजवळच्या एका कारखान्यात कामाला आहे. पालघरला लोकल आली २०१३ साली, पण वाड्याला जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही. कोळगावहून निघायचे, वाघोबा खिंड चढायची-उतरायची, मनोरला हायवे ओलांडायचा आणि पुढे वाडा. जाऊन-येऊन नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. जुनी गाडी थकली होती. मुलाचे म्हणणे सीएनजी घेऊ. मी म्हटले, छे! सीएनजीच्या रांगेत उभे राहण्यात तुझे आयुष्य जायचे, शिवाय डिकीत सिलिंडर, आणि खिंडीत ती गाडी कुथत चढणार. त्याच सुमारास टर्बो पेट्रोल गाड्यांबद्दल मी पुष्कळ वाचत होतो. इंजिन लहान, ताकद मोठी, पेट्रोल कमी. मला ते एखाद्या हुशार गरीब विद्यार्थ्यासारखे वाटले. मी हट्ट धरला. "निम्मे पैसे मी घालतो, पण टर्बोच घे," असे म्हटले. बापाने पैसे घातले की मताला वजन येते.

शोरूममध्ये (नाव सांगत नाही, कुणावर दोष ठेवायचा नाही) कागदावर लिहिले होते की गाडी लिटरला २० देते. आमची दिली बारा. पहिल्या महिन्यात १२.४, मग १२.१, मग १२.७. महिन्याला साधारण बावीसशे किलोमीटरचा हिशेब धरा. वीसने एकशे दहा लिटर लागायला हवे होते, लागत होते पावणेदोनशेच्या वर. लिटरला शंभराच्या वरचा भाव. म्हणजे महिन्याला सात हजारांचा खड्डा, वर हप्ता आहेच. मुलगा काही बोलला नाही. तो बोलत नाही हेच वाईट. सूनबाई मात्र एकदा चहा देताना म्हणाली, "बाबा, तुमचा तो हुशार विद्यार्थी खातो फार."

मग मी वही घातली. शंभर पानी, वर समास सोडलेली. डावीकडे तारीख, मग किलोमीटर, मग लिटर, मग भागाकार. टाकी तोंडापर्यंत भरायची, किलोमीटर टिपायचे, पुन्हा तोंडापर्यंत भरायची. गाडीच्या काचेवर जो आकडा दिसतो त्यावर मी विश्वास ठेवत नाही, विद्यार्थ्याने स्वतःच तपासलेला पेपर तो.

आता या टर्बोचे काय आहे ते मला जसे कळले तसे सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी तारापूरला नोकरी करून निवृत्त झाला. (हो, विद्यार्थीसुद्धा निवृत्त होऊ लागले.) त्याला विचारले. तो म्हणाला, "सर, आपल्याकडे टर्बाइन कुणाला शिकवायला लागते का? १९६९ पासून इथं फिरतंय." तारापूरला वाफ टर्बाइनची पाती फिरवते आणि त्यातून वीज होते. मोटारीत वाफेऐवजी धूर आहे. पेट्रोल जळते त्यातल्या उष्णतेचा ढोबळ तिसरा हिस्सा चाकांकडे जाण्यासारखा असतो, तोही इंजिन चांगल्या स्थितीत चालत असेल तेव्हा. दुसरा हिस्सा रेडिएटरच्या पाण्यात जातो आणि तिसरा सायलेन्सरमधून बाहेर. या बाहेर जाणाऱ्या धुराच्या वाटेत एक छोटे पाते बसवायचे. ते मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे पाते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. म्हणजे वंगभंगाच्या वर्षीची ही गोष्ट, काही नवीन नाही.

सुपरचार्जर हा याचा थोरला भाऊ. तो धुरावर न चालता थेट इंजिनावर चालतो. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनात तोच होता. त्याचा गुण असा की पाय दाबला की लगेच हवा, वाट पाहायला नको. अवगुण असा की हवा दाबायला लागणारी ताकद तो इंजिनाकडूनच घेतो. टर्बो त्यामानाने टाकाऊतून टिकाऊ करणारा. तरी तोही अगदी फुकट नाही, कारण धुराच्या वाटेत पाते आडवे घातले की धूर बाहेर ढकलायला इंजिनाला थोडा जोर लावावाच लागतो. फोक्सवॅगनने २००५ साली दोन्ही एकाच इंजिनात बसवले होते, खालच्या वेगाला सुपरचार्जर आणि वरच्या वेगाला टर्बो. पुढे त्यांनी ते सोडून दिले. एका घरात दोन कर्ते असले की खर्च वाढतोच.

पण ताकद वाढली म्हणून पेट्रोल कसे वाचते? मला हे कळायला वेळ लागला. नात इंजिनिअरिंगला आहे, तिने समजावले. सपाट रस्त्यावर ताशी ऐंशीने गाडी चालवायला फक्त पंधरा-वीस अश्वशक्ती पुरते. इंजिन मात्र शंभराच्या वरचे. म्हणजे बहुतेक वेळ ते अर्धवट झोपेत असते. पेट्रोल इंजिनाची ताकद कमी ठेवायची तर त्याच्या हवेच्या वाटेवरचे झडप जवळजवळ बंद ठेवावे लागते. "आजोबा, नाक दाबून श्वास घ्या," नात म्हणाली. घेतला. "दमलात ना? मोठं इंजिन हळू चालताना दिवसभर हेच करतं." म्हणून इंजिनच लहान करायचे. लहान इंजिनाला त्याच कामासाठी झडप जास्त उघडावे लागते, नाक मोकळे राहते, श्वास फुकट जात नाही. आणि खिंड आली, ट्रकला मागे टाकायचे झाले, की तेवढ्यापुरता टर्बो मदतीला येतो.

म्हणजे पेट्रोल वाचवतो तो टर्बो नव्हे, इंजिनाचा लहानपणा. टर्बो फक्त ते लहानपण परवडू देतो. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. पेट्रोल वाचते ते टर्बो झोपलेला असताना. तो जागा झाला की इंजिन मोठ्या इंजिनाएवढेच पिते, कधी कधी जास्त.

जास्त का, तेही सांगतो. दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचे टोक गरम लागते तसेच. तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता आपोआप पेट घेते आणि इंजिन आतून ठोकते. गॅरेजवाले याला नॉकिंग म्हणतात. ते टाळायचे तर एक तर ठिणगी उशिरा टाकायची, म्हणजे ताकद वाया. किंवा दाबाचे प्रमाण मुळातच कमी ठेवायचे, म्हणजे टर्बो झोपलेला असतानाही थोडे नुकसान. आणि अगदीच जोर लावला तर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडून आतला जाळ थंड करायचा. मी हे ऐकले तेव्हा दचकलोच. पेट्रोल जाळायला नाही, थंड करायला! माठातले पाणी अंगणात शिंपडावे तसे.

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल कंपनीने जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली होती. तिच्यात नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारायची सोय होती. युक्ती उत्तम, पण लोक ती टाकी भरायला विसरत. पुढे कंपनीने बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. मला यात सगळी मनुष्यजात दिसते. आमची बजाज स्कूटर होती तेव्हा मी स्वतः पेट्रोलमध्ये ऑइल घालायला दोनदा विसरलो होतो, दुसऱ्यांदा ती बोईसरच्या रस्त्यावर अशी रुसली की चालवत नव्हे, ढकलत घरी आणली.

आता त्यावर पुष्कळ उपाय निघाले आहेत. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले की त्याच्या बाष्पाने आतली हवा गार होते. दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी जाळीतून फिरवून थंड करतात, तो इंटरकूलर. हवेचे झडप लवकर किंवा उशिरा मिटवून, दाबण्याचे काम कमी आणि प्रसरणाचे जास्त, अशी मिलर नावाची पद्धत आहे. माझदाने १९९३ साली ती सुपरचार्जरबरोबर वापरली होती. चाकणला तयार होणाऱ्या स्कोडा-फोक्सवॅगनच्या दीड लिटर टर्बो इंजिनाच्या गाड्यांत तर हलक्या चालीला चारांतले दोन सिलिंडर गप्प बसतात. चार मास्तरांच्या शाळेत पोरे कमी आली की दोघांनी रजा टाकावी, तसे.

आणि हे सगळे आपल्या महाराष्ट्रात चालले आहे, याचे मला कौतुक आहे. टाटांनी २०१४ साली झेस्टमध्ये १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणले, पुढे तसलेच इंजिन घेऊन रांजणगावची नेक्सॉन आली. नाशिकला महिंद्राची एक्सयूव्ही ३००, २०१९ ची. आमच्या तरुणपणी कुर्ल्याची प्रीमिअर पद्मिनी म्हणजे श्रीमंती. तिचे इंजिन १०८९ सीसीचे आणि ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. चाकणचे आजचे टर्बो इंजिन ९९९ सीसीचे, म्हणजे पद्मिनीपेक्षा लहान, आणि ताकद ११५. साठ वर्षांत माणसाने केवढी मजल मारली! इंजिनिअर लोकांपुढे मी हात जोडतो.

पण माझी तक्रार इथूनच सुरू होते. ही मजल गेली कुठे?

पद्मिनीचे वजन नऊशे किलोच्या आत-बाहेर होते. आजची टर्बो एसयूव्ही सहज बाराशे किलोच्या पुढे. उंच, रुंद, वाऱ्याला छाती काढून उभी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीचा वेग एकशे दहा केला की तो जवळजवळ दुप्पट होतो. इंजिनिअरने पेट्रोलचे दोन घोट वाचवायचे, आणि आपण गाडीची उंची वाढवून, चाके रुंद करून, वेग वाढवून ते पिऊन टाकायचे, असे चालले आहे. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाबद्दल हेच लिहिले होते. वाफेची इंजिने काटकसरी झाली तर कोळसा कमी लागेल असे समजू नका, उलट जास्त खपेल, असे. त्या वेळी त्याच्या डोळ्यासमोर कारखाने होते. आज तो मनोर नाक्यावर उभा राहिला असता तर आणखी एक प्रकरण लिहिले असते.

सरकारचेही यात अंग आहे. आपल्याकडे लहान टर्बो इंजिने इतकी का आली? पेट्रोल वाचावे म्हणून, हे अर्धेच उत्तर. २००६ पासून चार मीटरच्या आतली आणि पेट्रोलला १२०० सीसीच्या आतली गाडी 'लहान' धरून तिच्यावर कर कमी लावला गेला. जीएसटीतही तीच रेघ राहिली, आणि सप्टेंबर २०२५ पासून तर लहान गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के इतका फरक आहे. त्यामुळे इंजिन १२०० च्या आत ठेवायचे, वर टर्बो बसवून ताकद मोठ्या गाडीची काढायची, आणि कर लहानाचा भरायचा. त्यात २०२० साली बीएस-६ आले, बऱ्याच लहान डिझेल गाड्या गेल्या, त्यांची जागा टर्बो पेट्रोलने घेतली. यात बेकायदा काही नाही. पण कर मोजतो लांबी आणि सीसी. गाडी प्रत्यक्षात किती पिते हे तो विचारत नाही. कंपन्यांच्या सर्व गाड्यांची मिळून धुराची सरासरी ठरवणारा नियम २०१७ पासून आहे, २०२२ मध्ये तो कडक झाला. पण त्यातही गाड्या जड असतील तर मर्यादा सैल होते. वर्गातल्या लठ्ठ मुलाला धावण्याच्या शर्यतीत वीस पावले पुढे उभे करायचे, असा तो न्याय. माझ्या मते कर लिटरवर लावावा. जी गाडी कमी पिते तिला सवलत, मग ती टर्बो असो, हायब्रिड असो, नाहीतर साधी हवा ओढणारी असो. सीसी मोजून कुणाचे पेट्रोल वाचत नाही.

आता त्या वीसच्या आकड्याकडे येतो, कारण घरातले भांडण त्यावर आहे.

हा आकडा चाचणीत मिळतो. पुण्याला वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, १९६६ सालची. लोक तिच्या नावाने आकडा सांगतात. गाडी रस्त्यावर नेत नाहीत, रुळांवर उभी करून चालवतात. एसी बंद. किती सेकंद कुठल्या वेगाने, कधी थांबायचे, कधी निघायचे, हे सगळे आधी ठरलेले. शहरी भाग सावकाश, नंतर थोडा मोकळा रस्ता, पण ताशी नव्वदच्या वर नाही. त्या ठरलेल्या चालीला मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणतात, आद्याक्षरे एमआयडीसी! आम्हा बोईसर-तारापूरच्या लोकांना एमआयडीसी म्हटले की कारखाने आठवतात. मी नातीला म्हटले, "या एमआयडीसीचा धूर निराळा आणि आमच्या एमआयडीसीचा निराळा."

या चाचणीत टर्बो गाडी फार चांगले गुण मिळवते. कारण चाल इतकी सौम्य की टर्बोला फारसे जागे व्हावेच लागत नाही. खिंड नाही, मनोर-वाडा रस्त्यावरचे खड्डे नाहीत, मे महिन्यातला एसी नाही, मागून हॉर्न वाजवणारा कंटेनर नाही. मोठ्या टर्बोविरहित इंजिनाचाही आकडा रस्त्यावर पडतो, पण टर्बोचा जास्त पडतो, कारण त्याच्या झोपेतल्या आणि जागेपणीच्या खर्चात अंतर मोठे.

सुरुवातीला मी याला सरळ फसवणूक म्हणत होतो. आता म्हणत नाही. २०१५ साली अमेरिकेत फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण बाहेर आले, चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी करणारी यंत्रणा त्यात होती. ती कॉपी. पेपर फुटून, चिठ्ठ्या खिशात घालून केलेली कॉपी. हे तसे नाही. हे अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून परीक्षेला बसणे आहे. आणि इथे मला गप्प बसावे लागते, कारण मी जन्मभर दुसरे काय केले? दहावीच्या वर्गाला निबंधाचे सहा विषय पाठ करून घेत होतो, त्यातला एक हमखास यायचा. मुलांना त्र्याहत्तर, पंच्याहत्तर पडायचे. शाळेच्या फळ्यावर टक्केवारी झळकायची. त्या मुलांतल्या कितीजणांना पुढे स्वतःच्या बापाला धड चार ओळींचे पत्र लिहिता आले, हे मी कधी मोजले नाही. वही तेव्हा घालायला हवी होती. असो.

पण एक मागणी करतो. उत्तरपत्रिका दोन हव्यात. एक ठरलेल्या चालीची, दुसरी आपल्या रस्त्याची, एसी चालू ठेवून, थोडा चढ घेऊन. दोन्ही आकडे गाडीच्या काचेवर चिकटवा. मग ज्याला वाड्याला जायचे आहे तो दुसरा आकडा वाचेल.

इथेनॉलबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये त्याच लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिले होते की जुन्या धर्तीच्या मोटारींचा मायलेज यामुळे ६ ते ७ टक्के कमी होईल, आणि यासाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांचा १ ते २ टक्के. म्हणजे ज्याची गाडी जुनी, त्याने जास्त भरायचे. आणि ते सांगून भरायला लावले असते तरी चालले असते, पण पंपावर तसा भाव कमी झालेला मला काही दिसला नाही. शेतकऱ्याचा ऊस खपतो, परकीय चलन वाचते, हे मला मान्य आहे. पण वाचलेल्यातले थोडे जुन्या गाडीवाल्याला द्या.

गंमत अशी की टर्बोला इथेनॉल मानवते. त्याचा ऑक्टेन आकडा १०८ च्या आसपास, साध्या पेट्रोलचा ९१, आणि या मिश्रणाचा ९५. ऑक्टेन जास्त म्हणजे नॉकिंग कमी. म्हणजे ठिणगी वेळेवर टाकता येते, दाब वाढवता येतो, ते थंड करायला ओतलेले पेट्रोल वाचते. इंधन तर आपण सक्तीने देशभर दिले, आता त्या ९५ चा पुरा फायदा घेणारी इंजिनेही कंपन्यांकडून सक्तीनेच करून घ्यायला हवीत. नाहीतर तोटा सगळ्यांना मिळाला आणि फायदा कपाटात राहिला, असे होईल.

आता वहीकडे. तीन महिने बारा-साडेबारा लागल्यावर मी मुलाशेजारी बसून दोन शनिवार वाड्याला गेलो. सूचना करत. "वरचा गिअर टाक, लवकर टाक," हा माझा मंत्र, स्कूटरच्या काळातला. वाघोबा खिंडीत मी त्याला तिसरा टाकू दिला नाही, चौथ्यातच चढ म्हटले. गाडी थरथरू लागली, आतून टकटक आवाज आला. मुलगा तरी काही बोलला नाही! परतताना पालघरला पाचबत्तीपाशी आमचा ओळखीचा गॅरेजवाला भेटला, तोही माझाच विद्यार्थी, गणितात कच्चा. त्याला सांगितले. तो म्हणाला, "सर, हे तुम्ही सांगितलंत? टर्बोला कमी फेऱ्यांत जोर लावायचा नाही. मिश्रण अवेळी पेटतं, पिस्टन फुटतो. चढाला खालचा गिअर टाका, फेरे वाढू द्या, पाय मात्र हलका ठेवा." मी पन्नास वर्षांत विद्यार्थ्याकडून इतके स्पष्ट ऐकले नव्हते. मान खाली घालून ऐकले.

मग त्याने मुलाला बाजूला घेऊन चार गोष्टी सांगितल्या. मनोरच्या पुढे मोकळा रस्ता दिसला की ताशी शंभर-एकशे दहाने सुटायचे आणि पुढच्या खड्ड्यासाठी करकचून ब्रेक लावायचा, ही सवय सोड. ऐंशीच्या आत राहा. टायरची हवा दर पंधरवड्याला बघ. खिंड चढून वर थांबलास तर लगेच चावी फिरवू नकोस, अर्धा मिनिट चालू राहू दे, टर्बोचे पाते लाल तापलेले असते. डिकीत पडलेले सामान काढ. ते सामान बहुतेक माझेच निघाले. जुन्या शाळेच्या स्मरणिकांचे गठ्ठे.

पुढच्या टाकीला १४.९. मग १५.६. गेले चार महिने पंधरा-सोळाच्या मध्ये आहे. महिन्याला चारेक हजार वाचले. वीस कधी लागले नाही आणि लागणार नाही. सीएनजी घेतली असती तर यापेक्षा स्वस्त पडले असते, हे मी मुलाकडे कबूल केले आहे, सूनबाईसमोर. तिने ऐकले न ऐकल्यासारखे केले, हा तिचा मोठेपणा.

आणि मुलाला वेळ किती जास्त लागतो? तो सांगतो, सहा-सात मिनिटे. त्याहून जास्त तर मनोरला सर्व्हिस रोडवर जातात.

या कोळगावात पूर्वी गवत आणि भात होता. २०२१ साली जिल्ह्याचे नवे कलेक्टर ऑफिस झाले, आता संध्याकाळी त्या रस्त्याने फिरायला गेलो की उभ्या केलेल्या गाड्या मोजतो. बहुतेक उंच, बहुतेक पांढऱ्या, बऱ्याच जणींच्या पाठीवर टर्बो असे लिहिलेले. आत एकेक माणूस येतो आणि एकेक माणूस जातो. परवा अशाच एका गाडीवाल्या तरुणाला मी न राहवून विचारले, "किती देते?" तो म्हणाला, "कंपनी वीस म्हणते, काका." मी विचारले, "आणि तुम्हाला?" तो हसला, म्हणाला, "मोजलं नाही कधी."

त्याला देण्यासाठी मी एक शंभर पानी वही आणून ठेवली आहे. अजून तो पुन्हा भेटलेला नाही.